विज्ञान व तंत्रविद्या पदवीधरांची भरती, जपानमधील

जपानमधील विद्यापीठांतून विज्ञान व अभियांत्रिकी या शाखांची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांची उद्योगसंस्थांत होणारी निवड व नेमणूक. पदवीधरांची भरती हा विषय सामान्यतः अर्थशास्त्रात मोडतो. मागणी, पुरवठा आणि वेतन या तीन गोष्टींनी त्याचा उलगडा होतो, असे मानले जाते. तथापि उमेदवार कोणाच्या शब्दावर विश्वासार्ह ठरतो, त्याची निवड वर्षाच्या कोणत्या वेळी होते, ती त्याच्या ज्ञानासाठी होते की स्वभावासाठी आणि आलेली नोकरी नाकारणे सभ्यपणाचे समजले जाते की नाही, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या समाजांत निरनिराळी आढळतात. जपानचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधक आहे. त्या देशाने पाश्चात्त्य तंत्रविद्या जवळजवळ जशीच्या तशी आत्मसात केली. परंतु ती चालविणारी माणसे गोळा करण्याची रीत मात्र स्वतःची घडविली. अमेरिकेतील उद्योगसंस्था रिकाम्या जागेसाठी माणूस शोधते. जपानमधील मोठी उद्योगसंस्था दरवर्षी आपल्या परिवारात नवे सभासद घेते. त्यांना कोणती जागा द्यावयाची, हे मागाहून ठरते. पुढे वर्णिलेल्या बहुतेक वैशिष्ट्यांचे मूळ या एका फरकात सापडते [⟶ जपान].

भरतीचे वार्षिक चक्र : जपानी शैक्षणिक वर्ष मार्चअखेर संपते आणि १ एप्रिल रोजी देशभरातील उद्योगसंस्थांत नवागतांचा प्रवेशसमारंभ होतो. गडद रंगाचा एकसारखा पोशाख केलेले शेकडो तरुण एका सभागृहात बसतात, अध्यक्षांचे भाषण ऐकतात व त्या दिवसापासून संस्थेचे सभासद होतात. नवपदवीधरांना असे एकाच वेळी, गटाने सामावून घेण्याच्या प्रथेस ‘शिन्सोत्सु इक्कात्सु साइयो’ म्हणजे नवपदवीधरांची एकत्रित भरती असे म्हणतात. निवड मात्र पुष्कळ आधी झालेली असते. रुजू होण्यापूर्वीच्या वर्षी १ ऑक्टोबर रोजी किंवा त्यानंतर उमेदवारास ‘नाइतेई’ म्हणजे नेमणुकीचे औपचारिक आश्वासन मिळते व त्याच्याही अगोदर अनौपचारिक आश्वासन दिले जाते, त्यास ‘नाइनाइतेई’ अशी मोठी मार्मिक संज्ञा आहे. आश्वासनापूर्वीचे आश्वासन, असा तिचा भावार्थ होय.

या चक्रात ज्यास प्रवेश मिळाला नाही, त्याची स्थिती कठीण होते. पुढील वर्षी तो ‘नवपदवीधर’ राहत नाही, जुना पदवीधर ठरतो व त्याच्यासाठी फारच थोडी दारे उघडी राहतात. त्यामुळे नोकरी न मिळालेले काही विद्यार्थी मुद्दाम एक वर्ष पदवी लांबवितात. नोकरीच्या प्रतीक्षेत थांबलेल्यांना ‘शूशोकु रोनिन’ म्हणतात. रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराई. पदवी वेळेवर मिळविणाऱ्यापेक्षा ती लांबविणारा शहाणा ठरावा, ही गोष्ट बाहेरच्या निरीक्षकास विपरीत वाटते. पण ती भरतीच्या रीतीतूनच उद्भवलेली आहे.

उद्योगसंस्था एकमेकींच्या आधी चांगले विद्यार्थी अडकवून ठेवण्याचा प्रयत्न करतात. या प्रकारास ‘आओतागाई’ असे नाव आहे. भात पिकण्यापूर्वी, शेत हिरवे असतानाच ते विकत घेणे, असा त्याचा शब्दशः अर्थ आहे. महाराष्ट्रातही उभ्या पिकाचा किंवा मोहरलेल्या आमराईचा सौदा करण्याची पद्धत आहे, त्यामुळे या शब्दातील टोचणी मराठी वाचकास वेगळी समजावून सांगावी लागत नाही. या घाईला आवर घालण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. १९२८ मध्ये काही प्रमुख बँका व व्यापारी संस्थांनी निवड पदवीनंतरच करावयाची, असे ठरविले. तो संकेत काही वर्षांतच मोडला. १९५३ मध्ये विद्यापीठे, उद्योगसंघटना व शासकीय खाती यांच्यात ‘नोकरीविषयक करार’ झाला. तो वारंवार मोडला जात असूनही १९९६ पर्यंत नावाला टिकून होता. त्यानंतर उद्योजकांच्या संघटनांनी आचारसंहिता व मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१८ मध्ये ‘केइदानरेन’ या प्रमुख संघटनेने, २०२१ मध्ये पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपासून आपण अशी तत्त्वे ठरविणार नाही, असे जाहीर केल्यावर हे काम शासनाने हाती घेतले. मार्चमध्ये प्रसिद्धी, जूनमध्ये निवड व ऑक्टोबरमध्ये आश्वासन, असे वेळापत्रक शासनाने कायम ठेवले; परंतु ते न पाळणाऱ्यास शिक्षा नाही.

प्रयोगशाळा व शिफारस : वरील वर्णन सर्व शाखांना कमीअधिक लागू पडते. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मार्ग मात्र निराळा असून तो प्राध्यापकाच्या खोलीतून जातो. जपानी विद्यापीठांत, विशेषतः जुन्या साम्राज्यीय विद्यापीठांत, अध्यासनपद्धती रूढ झाली. एक प्राध्यापक, त्याच्या हाताखाली सहप्राध्यापक व साहाय्यक आणि त्यांच्याभोवती विद्यार्थी, असा तो गट असतो. पदवीच्या चौथ्या वर्षी विद्यार्थी अशा एका ‘केनक्यूशित्सु’त म्हणजे संशोधनकक्षात दाखल होतो, त्याला तेथे स्वतःचे मेज मिळते व तो प्रबंधिकेचे काम करतो. राष्ट्रीय विद्यापीठांतील अभियांत्रिकीचे बहुसंख्य विद्यार्थी पुढे पदव्युत्तर पदवीसाठीही तेथेच राहतात. तीन वर्षे एकाच कक्षात, वरिष्ठ (सेन्पाई) व कनिष्ठ (कोहाई) यांच्या परंपरेत काढल्यावर विद्यार्थ्याचे गुण, दोष, रात्री जागून प्रयोग करण्याची तयारी व अपयश पचविण्याची शक्ती प्राध्यापकास पुरती ठाऊक झालेली असते. लेखी परीक्षेतून किंवा अर्ध्या तासाच्या मुलाखतीतून यांपैकी फारच थोडे कळू शकते.

उद्योगसंस्था या ज्ञानाचा उपयोग करून घेतात. त्या दरवर्षी विशिष्ट विभागाकडे किंवा प्राध्यापकाकडे ठराविक जागा कळवितात; विभागातील एका प्राध्यापकाकडे त्या वर्षीचे नोकरीविषयक काम सोपविलेले असते व तो विद्यार्थ्यांशी बोलून जागांची वाटणी करतो. ज्या विद्यार्थ्याच्या नावे ‘सुइसेन’ म्हणजे शिफारस दिली जाते, त्याची निवड पूर्वी जवळजवळ निश्चित समजली जाई. कला, वाणिज्य व विधी शाखांचे विद्यार्थी स्वतःच अर्ज करीत डझनावारी संस्थांचे उंबरे झिजवीत असताना, अभियांत्रिकीचा विद्यार्थी एकाच संस्थेकडे जाऊन मोकळा होत असे. संस्थाही आपल्याकडील त्याच कक्षाच्या माजी विद्यार्थ्यास शिष्यांच्या भेटीस पाठवितात. तो एके काळी ज्या मेजावर बसला होता, त्याच मेजाशी बसलेल्या मुलाशी तो बोलतो. ही भेट निवडीचा भाग आहे, असे उघडपणे कोणी म्हणत नाही.

या सोयीची किंमत विद्यार्थ्यास द्यावी लागते. एका वेळी एकच शिफारस मिळते व ती घेतल्यावर मिळालेली नोकरी नाकारावयाची नाही, असा दंडक आहे. विद्यार्थ्याने ऐनवेळी नकार दिल्यास त्याच्या कक्षाची पुढील वर्षाची जागा जाण्याचा संभव असतो. म्हणजे एकाच्या नकाराचे प्रायश्चित्त त्याच्या कोहाईंना भोगावे लागते. कायद्याच्या दृष्टीने पाहता व्यवसायस्वातंत्र्य जपानी संविधानाच्या बाविसाव्या कलमाने दिलेले आहे आणि नाइतेई मिळालेला उमेदवार माघार घेऊ शकतो. असे असूनही शिफारस घेऊन माघार घेणारा विद्यार्थी विरळा, कारण त्याला अडविणारी गोष्ट कायदा नसून प्राध्यापकास द्यावे लागणारे तोंड ही असते.

येथे मराठी वाचकाच्या मनात ‘वशिला’ हा शब्द येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही गोष्टी एक नव्हेत. वशिल्यात शिफारस करणारा आपले वजन खर्च करतो व परिणामाची जबाबदारी घेत नाही. जपानी शिफारशीत प्राध्यापकाचे नाव पणास लागते, कारण दुर्बल विद्यार्थी पाठविला, तर संस्था पुढील वर्षी त्याचा शब्द मानणार नाही. म्हणून ही पद्धत गुणवत्तेला सर्वस्वी मारक ठरली नाही. तिचा खरा दोष दुसरीकडे आहे : ज्या विद्यापीठांतील कक्षांशी मोठ्या संस्थांचे संबंध नाहीत, तेथील हुशार विद्यार्थी त्या संस्थांच्या दृष्टीस पडत नाही. ठराविक विद्यापीठांतूनच अर्ज स्वीकारण्याच्या ‘निर्दिष्ट विद्यालय’ पद्धतीवर १९७० नंतरच्या दशकात कडक टीका झाली. त्यापूर्वीच, १९६६ मध्ये, सोनी कंपनीचे एक संस्थापक मोरिता आकिओ यांनी शैक्षणिक बिरुदे निरुपयोगी आहेत, असे प्रतिपादणारे पुस्तक लिहिले होते. १९९१ पासून त्या कंपनीने अर्जात विद्यापीठाचे नाव विचारणे सोडून दिले. इतरांनी मात्र हे अनुकरण बेताबेतानेच केले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ही रीत अतिप्राचीन जपानी संस्कृतीतून आपोआप उगवली, असे समजणे चुकीचे ठरेल. मेजी शासनाने १८७० मध्ये सार्वजनिक बांधकाम व उद्योग यांचे मंत्रालय स्थापले आणि त्याच्या आधिपत्याखाली टोकिओत अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. १८७३ मध्ये हेन्री डायर (१८४८–१९१८) हा पंचविशीतील स्कॉटिश अभियंता त्याचा प्राचार्य म्हणून आला. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातील अखेरची दोन वर्षे प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवलेली होती. विद्यार्थी बहुतांशी सामुराई घराण्यांतील होते. जहागिरी व तनखे गेलेल्या या वर्गाला अभियंत्याचा पेशा शासनसेवेचा, म्हणून प्रतिष्ठेचा वाटला. यंत्राला हात लावणे हीन मानणाऱ्या अनेक समाजांतील उच्च वर्गांशी तुलना केल्यास ही घटना साधी नव्हती. शासकीय खर्चाने शिकणाऱ्यांवर पदवीनंतर काही वर्षे मंत्रालयाची सेवा करण्याचे बंधन असे. भरती आणि शिक्षण यांची पहिली गाठ या बंधनाने पडली. १८७९ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत रसायनशास्त्रज्ञ ताकामिने जोकिची व वास्तुशिल्पज्ञ तात्सुनो किंगो हे होते. १८८६ मध्ये हे महाविद्यालय टोकिओच्या साम्राज्यीय विद्यापीठात विलीन झाले.

खाजगी संस्थांनी पदवीधरांना ठराविक काळी नियमितपणे घेण्याची सुरुवात १८९५ च्या सुमारास निप्पॉन यूसेन ही जहाजकंपनी व मित्सुई बँक यांनी केली, असे सामान्यतः सांगितले जाते. पण त्या काळातील अभियंते व कुशल कामगार एका संस्थेशी बांधलेले नव्हते. ताकामिने शासकीय नोकरी सोडून उद्योगात गेला व पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. कारागीर तर अधिक मजुरीसाठी सर्रास कारखाने बदलीत. १९१८ च्या उच्च विद्यालयविषयक आदेशाने विद्यार्थ्यांची ‘बुन्का’ (साहित्य) व ‘रिका’ (विज्ञान) अशी विभागणी केली. आज सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर लागणारा ‘बुन्केई’ किंवा ‘रिकेई’ हा शिक्का तिचाच वारसा असून तो त्याच्या नोकरीच्या मार्गावर व पुष्कळदा त्याच्या स्वभावाविषयीच्या लोकसमजुतींवरही जन्मभर उमटलेला राहतो.

चीनशी युद्ध सुरू झाल्यावर युद्धसाहित्याच्या कारखान्यांत अभियंत्यांसाठी झोंबाझोंबी लागली. तेव्हा ऑगस्ट १९३८ मध्ये शासनाने शालान्त व विद्यापीठीय पदवीधरांच्या नेमणुकीवर मर्यादा घालणारा आदेश काढला. अभियांत्रिकीचे किती पदवीधर कोणत्या कारखान्याने घ्यावयाचे, यास कल्याण मंत्रालयाची संमती आवश्यक झाली. राष्ट्रीय संचलन कायद्याखालील अगदी आरंभीच्या आदेशांपैकी एक अभियंत्यांविषयी असावा, ही बाब लक्षणीय आहे. १९४३ मध्ये साहित्यादी शाखांच्या विद्यार्थ्यांची लष्करभरतीतील सवलत काढून घेण्यात आली, विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची मात्र राखली गेली. कोणती शाखा घेतली, यावर तरुणाचे जगणे-मरणे अवलंबून राहावे, असा तो काळ होता.

युद्धोत्तर काळाने उलट टोकाचे दृश्य दाखविले. विमाननिर्मितीवर बंदी आल्यामुळे रिकाम्या झालेल्या अभियंत्यांना मध्यवयात नव्या संस्थांनी सामावून घेतले. नौदलासाठी विमाने बांधणारे मिकी तादानाओ व विमानांच्या कंपनांचा अभ्यास करणारे मात्सुदाइरा तादाशी रेल्वेच्या संशोधनसंस्थेत गेले आणि १९६४ मध्ये सुरू झालेल्या शिन्कान्सेन या वेगवान गाडीच्या रचनेत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. ताचिकावा विमान कंपनीतील हासेगावा तात्सुओ टोयोटात येऊन १९६६ च्या कोरोला मोटारीचे प्रमुख अभियंते झाले. बाहेरून आलेल्या अनुभवी माणसाला जपानी संस्था सामावून घेऊ शकत नाहीत, हे विधान या इतिहासापुढे टिकत नाही. एकदा घेतलेल्या माणसास निवृत्तीपर्यंत ठेवण्याची पद्धत दोन महायुद्धांमधील काळात मोठ्या संस्थांत रुजू लागली व १९४५ नंतरच्या तीव्र कामगारलढ्यांनंतर पक्की झाली.

त्यानंतरच्या वेगवान वाढीने नवपदवीधरांची मागणी वाढविली. शासनाने १९५७ मध्ये विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत ८,००० ची भर घालण्याची योजना आखली. १९६२ पासून पंधराव्या वर्षी प्रवेश देणारी पाच वर्षांची तंत्रविद्यालये (कोसेन) उघडली. अशा पन्नासहून अधिक संस्था आज असून त्यांचे पदवीधर उद्योगांना हातोहात हवे असतात. त्यांच्या हाताला प्रत्यक्ष कामाची सवय असते, वयाने ते लहान असतात व म्हणून त्यांना आपल्या रीतीने घडविणे सोपे जाते, ही त्याची कारणे दिली जातात. त्यांतील शेवटचे कारण विशेष विचारात घेण्याजोगे आहे.

सामाजिक मीमांसा : अमेरिकन अभ्यासक जेम्स आबेग्लेन यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात जपानी कारखान्यातील आजन्म बांधिलकीकडे जगाचे लक्ष वेधले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रोनल्ड डोअर यांनी १९७३ मध्ये हिताची व इंग्लिश इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या कारखान्यांची तुलना करून, ब्रिटिश कामगार बाजाराकडे तोंड करून उभा असतो, तर जपानी कामगार संस्थेकडे, असा निष्कर्ष काढला. भारतीय वाचकास अधिक जवळची वाटेल, ती नाकाने चिए यांची उपपत्ती. या विदुषीने भारतात क्षेत्रीय संशोधन केले होते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी समाजरचनेवरील ग्रंथात त्यांनी ‘बा’ म्हणजे चौकट व ‘शिकाकु’ म्हणजे व्यक्तीचा गुणधर्म, अशी दोन तत्त्वे मांडली. भारतीय जातिव्यवस्था गुणधर्माच्या तत्त्वाचे टोकाचे उदाहरण, तर जपान चौकटीचे. जपानी माणूस परक्यापुढे स्वतःची ओळख व्यवसायाने नव्हे, तर संस्थेने करून देतो. विद्युत् अभियंता ‘मी अभियंता आहे’ असे सांगण्याऐवजी ‘मी अमुक कंपनीचा’ असे म्हणतो. त्याची पदवी हा चौकटीत शिरण्याचा परवाना असतो. एकदा आत गेल्यावर तिचे महत्त्व ओसरते.

या उपपत्तीने बरेच समजते, सर्व नव्हे. चौकटीचे तत्त्व एवढे खोल रुजलेले असेल, तर मेजी काळातील अभियंते सहज संस्था का बदलीत होते, याचे उत्तर तीत मिळत नाही. संस्कृती भरतीला आकार देते हे खरे. पण कामगारकायदे, युद्धकाळातील आदेश व संस्थांचा स्वार्थ यांनी बनविलेली रीत पुरेशी जुनी झाली की तिलाच लोक संस्कृती म्हणू लागतात, हेही तितकेच खरे.

निवडीचे निकष : संस्थेला सभासद हवा असल्याने त्याचे आजचे कौशल्य दुय्यम ठरते, त्याची पात्रता, चिकाटी व इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती (क्योचोसेई) पाहिली जाते. संगणक उद्योगातील अमेरिकन व जपानी अभियंत्यांचा डी. एलेनर वेस्टनी व साकाकिबारा कियोनोरी यांनी १९८५ च्या सुमारास तौलनिक अभ्यास केला. जपानमध्ये भरतीची सूत्रे मध्यवर्ती कर्मचारी विभागाकडे असतात, नवागताला पहिल्या नेमणुकीवर फारसा ताबा नसतो आणि कालांतराने तो प्रयोगशाळेतून उत्पादनविभागाकडे, पुष्कळदा आपण विकसित केलेल्या वस्तूबरोबरच, सरकतो, असे त्यांना आढळले. प्रारंभिक वेतन सर्व शाखांच्या पदवीधरांना जवळजवळ सारखेच असे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बँका व रोखेसंस्था अधिक वेतन देऊ लागल्या, तेव्हा अभियांत्रिकीचे पदवीधर तिकडे वळले व कारखानदारीपासून तरुण दुरावल्याची ओरड झाली. शासनाच्या १९९३ च्या विज्ञान व तंत्रविद्याविषयक श्वेतपत्रिकेचा मुख्य विषय तरुण पिढी हाच होता.

कौशल्याऐवजी पात्रतेवर भर देण्याचा लाभ तानाका कोइची यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. तोहोकु विद्यापीठातून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९८३ मध्ये क्योटोतील शिमाद्झु या उपकरणे बनविणाऱ्या संस्थेत रुजू झाले व मध्यवर्ती प्रयोगशाळेत रसायनशास्त्राशी निगडित कामावर नेमले गेले. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचे लेसरच्या साहाय्याने आयनीभवन करण्याची रीत त्यांनी शोधली व त्याबद्दल २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. त्या वेळी त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. रसायनज्ञाची जागा भरावयाची म्हणून उमेदवार शोधणाऱ्या संस्थेने त्यांचा अर्ज वाचलाही नसता.

याच नाण्याची दुसरी बाजू नाकामुरा शूजी यांच्या जीवनात आढळते. तोकुशिमा विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर कुटुंबासाठी त्यांनी त्याच प्रांतात राहणे पसंत केले आणि १९७९ मध्ये निचिया या त्या वेळी लहान असलेल्या रसायन कंपनीत नोकरी धरली. तेथे १९९३ मध्ये त्यांनी तेजस्वी निळा प्रकाश देणारा डायोड सिद्ध केला. त्याच्या एकस्वाबद्दल कंपनीने त्यांना २०,००० येन दिले. सभासदाचे यश हे परिवाराचे यश, या न्यायाने त्यात गैर काहीच नव्हते. पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले व त्यांनी दावा लावला. २००४ मध्ये टोकिओ जिल्हा न्यायालयाने त्यांना २० अब्ज येन देण्याचा हुकूम केला. २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. नोकरीत लागलेल्या शोधाचे एकस्व प्रारंभापासून संस्थेचे मानता येईल, अशी दुरुस्ती २०१५ मध्ये एकस्व कायद्यात करण्यात आली. नाकामुरा हे २०१४ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत.

डॉक्टरेट घेतलेल्या उमेदवाराविषयी उद्योगसंस्था दीर्घकाळ साशंक राहिल्या. सत्ताविशीचा विशेषज्ञ आपल्या विषयाला चिकटून बसेल व घडविता येणार नाही, अशी त्यांची धारणा होती. त्याऐवजी नोकरीत केलेल्या संशोधनावर प्रबंध लिहून, विद्यापीठात नाव न नोंदविता डॉक्टरेट मिळविण्याचा मार्ग (रोन्बुन हाकासे) उपलब्ध होता. नाकामुरांनीही १९९४ मध्ये तोच अनुसरला. परिणामी संशोधनाची आवड असलेला विद्यार्थी पदव्युत्तर पदवीनंतर थांबण्यातच शहाणपण मानतो.

स्त्रिया : आजन्म सेवेची कल्पना पुरुष डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. विवाहानंतर स्त्री नोकरी सोडणार, असे गृहीत धरल्यामुळे तिच्या प्रशिक्षणावरील खर्च व्यर्थ समजला जाई व जागांच्या सूचनांत ‘फक्त पुरुष’ असे खुशाल छापले जाई. १९८५ मध्ये संमत होऊन एप्रिल १९८६ पासून अंमलात आलेल्या समान रोजगारसंधी कायद्याने भरतीतील समानता हे केवळ प्रयत्न करण्याचे कर्तव्य ठरविले. भेदभावास प्रत्यक्ष बंदी १९९७ च्या दुरुस्तीने आली व ती १९९९ मध्ये लागू झाली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत स्त्रियांचे प्रमाण आजही सुमारे १५ टक्क्यांच्या आसपास आहे. संशोधनकक्षातच मुली थोड्या असल्याने माजी विद्यार्थ्यांच्या साखळीतही त्या थोड्याच राहतात. टोकिओ तंत्रविद्या संस्थेने २०२४ च्या प्रवेशापासून मुलींसाठी काही जागा वेगळ्या ठेवल्या, तेव्हा त्यावर उलटसुलट चर्चा झाली.

आश्वासनाचे कायदेशीर स्वरूप : नाइतेई हे केवळ सौजन्याचे वचन आहे की करार, हा प्रश्न एका मुद्रणसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विद्यापीठाच्या शिफारशीने निवडलेल्या एका विद्यार्थ्यास १९६८ मध्ये आश्वासन मिळाले व शिफारशीच्या दंडकानुसार त्याने दुसऱ्या संस्थेला नकार कळविला. पदवीच्या तोंडावर, १९६९ च्या फेब्रुवारीत, आश्वासन कारण न देता मागे घेण्यात आले. पुढे सांगितले गेले, की तो उदासवाणा वाटत होता. विद्यार्थ्याने विश्वास ठेवून दुसरे दार बंद केले होते आणि वर्षाच्या त्या वेळी तिसरे दार उघडे नव्हते. न्यायालयाने २० जुलै १९७९ रोजी नाइतेई हा काही अटींवर रद्द करता येणारा नोकरीचा करारच आहे, असा निर्णय दिला. उदासवाणेपणा पहिल्या भेटीतच दिसला होता, म्हणून तो नंतर कारण म्हणून पुढे करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. व्यक्तिमत्त्वावर आधारलेल्या निवडीला घातलेली ही एक महत्त्वाची मर्यादा होय.

अलीकडील स्थित्यंतरे : १९९० नंतर मालमत्तांच्या किंमती कोसळल्या व सुमारे १९९३ ते २००५ हा काळ ‘नोकऱ्यांचे हिमयुग’ म्हणून ओळखला गेला. पदवीचे वर्ष अशुभ निघाले, एवढ्याच कारणाने असंख्य तरुणांना कायमचे तात्पुरत्या कामांवर राहावे लागले. याच काळात संस्था शिफारशीवर पूर्वीइतके अवलंबून राहीनाशा झाल्या. शिफारस असलेला उमेदवारही नाकारला जाऊ लागला; दुसरीकडे विद्यार्थीही महाजालावरून स्वतःच अर्ज करू लागले. तरीही शिफारस नाहीशी झाली नाही. आज अनेक संस्था खुल्या अर्जांतून विद्यार्थी निवडतात आणि मग त्याला प्राध्यापकाचे शिफारसपत्र आणावयास सांगतात. हे पत्र गुणवत्तेची ग्वाही देत नाही, कारण निवड आधीच झालेली असते. त्याने माघार घेऊ नये, एवढ्यासाठीच ते असते. इतर संस्थांकडील अर्ज मागे घेण्यास भाग पाडणाऱ्या दडपणासाठी २०१५ च्या सुमारास ‘ओवाहारा’ असा नवा शब्द प्रचारात आला.

विशिष्ट कामासाठी विशिष्ट वेतनावर भरती करण्याचे प्रयोगही चालू आहेत. एनईसी या संस्थेने २०१९ मध्ये निवडक नवपदवीधर संशोधकांना वार्षिक एक कोटी येनपर्यंत वा त्याहून अधिक वेतन देण्याची व्यवस्था जाहीर केली. संगणकतज्ज्ञांच्या तुटवड्यामुळे काही संस्था भारतीय तंत्रविद्या संस्थांतून (आयआयटी) पदवीधर नेऊ लागल्या. मुंबईच्या संस्थेसह तेथील मुलाखतींचा हंगाम डिसेंबरच्या पहिल्या तारखेस सुरू होतो व काही दिवसांतच आटोपतो. जपानी भाषेच्या अध्ययनाचे देशातील एक प्रमुख केंद्र असलेल्या पुण्यातूनही भाषा शिकलेले अभियंते तिकडे जातात. दोन्हीकडील संकेत मात्र जुळत नाहीत. भारतीय उमेदवार पहिल्याच भेटीत काम कोणते, वेतन किती व बढती केव्हा, हे विचारतो. जपानी मुलाखतकाराला त्याने आपली संस्थाच का निवडली, हे ऐकावयाचे असते. भारतीय विद्यापीठांचे निकाल मे-जूनच्या पुढे लागत असल्याने एप्रिलमधील प्रवेशसमारंभ या पदवीधरांना गाठता येत नाही. म्हणून परदेशी पदवीधरांना ऑक्टोबरमध्ये रुजू करून घेण्याची सोय काही संस्थांनी केली आहे आणि त्यांच्यासाठी ऑक्टोबरमध्येही प्रवेशसमारंभ भरविला जातो.